‘सिरानो द बेर्जराक’, सात महिन्यांनी: शेवटचं पान गळालं, तिथून पुढे

एदमों रोस्ताँच्या या फ्रेंच नाटकाचं कथानक सांगत बसत नाही. नाकाड्या तलवारबाज कवी, देखणा पण तोंड उघडलं की फसणारा ख्रिस्तियाँ, आणि दोघांची रोक्सान, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. नाटक वाचलेलं नसलं तरी त्यावर बेतलेला एखादा सिनेमा कधीतरी पाहिलेला असतोच. माझी तक्रार वेगळी आहे. 599 रुपये मोजून ऑनलाइन मागवलेल्या इंग्रजी प्रतीची बांधणी चौथ्या महिन्यात सुटली आणि शेवटचं पान लोकलच्या गर्दीत कुठेतरी पडलं.

मी महिन्याला एक अंक या हिशेबानं वाचत होतो, त्यामुळे पाचवा अंक तोवर उघडलाही नव्हता. पुढच्या महिन्यात तिथवर पोचलो. डोक्यात ओंडका पडून जखमी झालेला सिरानो मठाच्या बागेत झाडाला टेकून उभा आहे, समोर कोणी नसताना तलवार फिरवतोय, खोटेपणा, तडजोड, मूर्खपणा अशा जुन्या वैऱ्यांना नावं घेऊन हाणतोय. मग म्हणतो, माझं सगळं हिरावून घ्या, पण एक गोष्ट मी आज देवाच्या दारात घेऊन जाणार, तिला ना चुणी, ना डाग. आणि ती गोष्ट म्हणजे...

पान संपलं. पुढचं पान ठाणे आणि दादरच्या मध्ये कुठेतरी.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, परत करायची मुदत 7 दिवसांची होती. पुन्हा लिहिलं, तर ‘गहाळ पानाचा फोटो पाठवा’. नसलेल्या पानाचा फोटो कसा काढतात हे विचारल्यावर तिकडून दिलगिरीचा ठरावीक मजकूर आला आणि तक्रार ‘निकाली’ निघाली. रागाच्या भरात मी त्या दिवशी 1 तारा दिला होता. तो पुस्तकाला होता की एदमों रोस्ताँला, हे माझं मलाच सांगता आलं नसतं.

मग एका मित्राकडून जुनी प्रत आणली. ब्रायन हूकरचा 1923चा अनुवाद. त्यात शेवटचे शब्द निघाले ‘पांढरं पीस’ या अर्थाचे. मी खरंच दोनदा वाचलं. पंधरा वर्षं मनात दाबून ठेवलेलं प्रेम, पाच अंक, इतका रक्तपात, आणि शेवटी हा माणूस काय घेऊन चाललाय, तर पीस? चिडून इंटरनेटवर मूळ फ्रेंच उघडलं. रोस्ताँ 1918 साली गेला, त्यामुळे त्याचं सगळं फुकट आहे (599 रुपये!). तिथे शब्द आहे ‘पानाश’. त्याच साइटवर 1898चा अगदी सुरुवातीचा एक इंग्रजी अनुवादही सापडला. त्या जुन्या अनुवादकर्त्यांनी या शब्दाला हातच लावला नव्हता, ‘पानाश’ तसाच ठेवला होता. पुढचा अनुवादक अँथनी बर्जेस, त्यानंही तेच केलं. म्हणजे मला हवं होतं ते आधीपासून फुकटात होतं. हे कळल्यावर आलेला राग मात्र विक्रेत्यावर काढता आला नाही.

आता मत बदललं ते सांगतो, कारण हूकरवर मी अन्याय केला.

पानाश म्हणजे टोपीवर किंवा शिरस्त्राणावर खोवलेला पिसांचा तुरा. लाक्षणिक अर्थ ऐट, दिमाख, मरणाच्या तोंडातही न सुटणारा बाणा. रोस्ताँनं हा शब्द ऐनवेळी खिशातून काढलेला नाही. पहिल्याच अंकात सिरानो म्हणतो की माझा नटवेपणा अंगावर नाही, आत आहे. स्वातंत्र्य आणि सडेतोडपणा यांचाच तुरा मी मिरवतो. चौथ्या अंकात आरासच्या वेढ्यात द गिश हा बडा सरदार जीव वाचवायला आपला पांढरा पट्टा टाकून पळतो आणि वर ती युक्ती म्हणून सांगतो. त्याला सिरानो सुनावतो, चौथा आँरी राजा कितीही शत्रूंनी घेरला असता तरी त्यानं आपला पांढरा तुरा उतरवला नसता. म्हणजे पांढरं पीस नाटकातच होतं, हूकरनं ते तिथूनच उचललं. आणि अगदी शेवटी, देवाकडे जाताना मुजऱ्यात मी निळा उंबरठा झाडून काढीन असं तो म्हणतो, ते टोपीतल्या पिसांशिवाय कसं झाडणार? एक तारा वाढवला.

खरी गंमत मराठीत आहे. आपल्याकडे तुरा आहे आणि तोराही आहे. शिरपेचात खोवतात तो तुरा, नाकावर मिरवतात तो तोरा. पानाशमध्ये दोन्ही आहेत, आणि सिरानोचं नाक तर केवढं मोठं! शिवाय आपल्याकडे कलगी-तुरा आहे. डफ-तुणतुण्यावर समोरच्या फडाला सवाल टाकून जागच्या जागी जवाब मागणारी शाहिरी ज्यानं ऐकली आहे, त्याला पहिल्या अंकातलं द्वंद्व समजावून सांगावं लागणार नाही. वालव्हेर नावाचा उमराव म्हणतो, तुमचं नाक फार मोठं आहे. सिरानो विचारतो, बस, एवढंच? आणि त्याला शिकवणी देतो, नाकाची खिल्ली किती सुरांत उडवता आली असती, आक्रमक, मैत्रीपूर्ण, चिंतातुर, गावरान. मग तलवारी भिडवत तिथल्या तिथे बॅलड रचतो, आठ-आठ ओळींची तीन कडवी, चार ओळींचा समारोप, आणि आधीच बजावून ठेवल्याप्रमाणे समारोपाच्या शेवटी वार. आपला कुठलाही शाहीर या माणसाला फडात घेईल.

इंग्रजीत मात्र लय मेली आहे, हा दोष कुठल्याही प्रतीत भरून निघत नाही. मूळ नाटक बारा अक्षरांच्या ओळीत आहे, आणि रोस्ताँ एकच ओळ तीन-चार पात्रांत फोडतो. एकानं सुरू करायची, दुसऱ्यानं तोडायची, तिसऱ्यानं यमक जुळवायचं. मला फ्रेंच कामापुरतंच येतं, तरी मोठ्यानं वाचलं की ठेका कळतो. मिठाईवाला राग्नो बदामाच्या टार्टची पाककृतीसुद्धा यमकात सांगतो. घरी करून पाहिली नाही, बदामांचे भाव बघा.

प्रयोगाच्या आधी रोस्ताँचाच धीर सुटला होता. 28 डिसेंबर 1897, पॅरिसचं पोर्त-सँ-मार्तँ थिएटर, वय 29. तुम्हाला या संकटात ओढलं म्हणून नायक कोकलँची त्यानं माफी मागितली, असं सांगतात. पडदा पडल्यावर प्रेक्षक उठायला तयार नव्हते. प्रशियाकडून झालेल्या 1871च्या पराभवाची सल बाळगून बसलेल्या फ्रान्सला हरूनही ताठ मानेनं उभा राहणारा माणूस मिळाला. त्यानंतर पंधरवड्याच्या आसपास कादंबरीकार झोलानं द्रेफ्यू प्रकरणावर (ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवल्याचं) जाहीर पत्र छापलं आणि तोच देश दुभंगला. पुढे फ्रेंच अकादमीतल्या प्रवेशाच्या भाषणात, 1903 साली, रोस्ताँनं पानाशची व्याख्याच केली: शौर्याच्या अंगची खेळकर बुद्धी. शब्द सिरानोनंतर इंग्रजीतही ऐट या अर्थानं रुळला, आणि खऱ्या सिरानोचा दूरचाही संबंध नसलेल्या बेर्जराक गावात पुतळे उभे राहिले. खरा सिरानो पॅरिसचा, नाटकातल्यासारखा गॅस्कनीचा नाहीच.

कथेतलं खटकतं ते रोक्सानचं. चौदा वर्षं दर शनिवारी माणूस येतो, गप्पा मारतो, आणि हिला पत्ता नाही? मला हे पटत नव्हतं. पण ख्रिस्तियाँच्या नावानं त्यानंच लिहिलेलं जुनं पत्र अंधार पडल्यावरही तो वाचत राहतो आणि तिच्या लक्षात येतं की एवढ्या काळोखात कुणाला वाचता येणार नाही, ते त्याला पाठ आहे, तिथे मी भांडायचं सोडलं. आणखी एक तारा. रोस्ताँची बाकीची नाटकं याच्या जवळपास जात नाहीत. ‘शांतक्लेर’मधला कोंबडा मी दीड अंकात सोडला.

सध्या माझ्या प्रतीत शेवटचं पान फुकटातल्या मजकुराची प्रिंट काढून डिंकानं चिकटवलेलं आहे, खर्च 2 रुपये. शेवटच्या शब्दाशेजारी पेन्सिलनं ‘तुरा’ लिहून ठेवलंय. परवा बायकोनं ते उघडून ‘तोरा’ असं वाचलं. मी खोडलं नाही.

एकूण 5 पैकी 3. बांधणीला शून्य.