नवीन म्हणून घेतलेली हार्ड डिस्क 19,412 तास चाललेली निघाली

दिवसभर मी दुसऱ्यांची बिलं तपासतो. जीएसटी नंबर आहे का, तारीख बरोबर आहे का, बेरीज जुळते का. त्याच्यावरच घर चालतं. आणि नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात 8,300 रुपये मोजून मी जो कागद खिशात घालून आलो, त्यावर वर ‘एस्टिमेट’ एवढंच छापलेलं होतं. हसून घ्या आधी.

17 डिसेंबरची गोष्ट. 20 तारखेला पार्टीचं, म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाचं, जीएसटी रिटर्न भरायची मुदत, उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी, आणि पार्टी ती माझ्याच बोकांडी बसवणार. सकाळी लॅपटॉप चालू केला तर आतून टिक, टिक, टिक. हा आवाज आला की मशीन तिथल्या तिथे बंद करायचं असतं. मी चारदा चालू करून पाहिलं. बॅकअप सप्टेंबरपर्यंतचाच होता.

तुम्ही म्हणाल चार दुकानं का नाही फिरलास? अहो, अधिवेशन सुरू होतं. मोर्च्यांमुळे अर्धे रस्ते बंद, जिथे गाडी लागली तिथे मी शिरलो. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी बसणारी चिपवाली डिस्क, मागितली तर दुकानदार म्हणाला, “संपल्या भाऊ, उद्या येतील.” उद्यापर्यंत थांबायला वेळ कुणाला होता?

हिशेब असा: 1 टीबीची ‘नवीन’ हार्ड डिस्क 4,200, विंडोज टाकायचे 600, जुन्या डिस्कमधला डेटा काढायचा अ‍ॅडव्हान्स 3,500.

आता तो क्षण, जो आठवला की अजून कानशिलं गरम होतात. त्यानं डिस्क काउंटरखालच्या ड्रॉवरमधून काढली. डबा नाही, चंदेरी सीलबंद पाकीट नाही, नुसत्या बबल रॅपमध्ये गुंडाळलेली. मी विचारलं, “पॅकिंग?” तो म्हणाला, “ट्रे पॅक आहे भाऊ, कंपनीतून असाच माल येतो.” ट्रे पॅक असतो, खोटं नाही. पण मी डिस्क हातात घेतली होती. बाजूच्या स्क्रूच्या भोकांभोवती गोल चरे पडलेले होते. ज्या डिस्कमध्ये कधी स्क्रूच बसला नाही तिला चरे कसे पडतील? मला दिसले. पक्के दिसले. तेवढ्यात चहा आला, पोरानं कप पुढे केला, आणि कप घ्यायला मी डिस्क दुकानदाराच्या हातात परत दिली.

एक कटिंग चहा. 4,200 रुपयांचा.

पैसे यूपीआयनं दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाही, कुण्या बाईचं नाव आलं. तेही पाहिलं आणि पिन टाकला. तुम्ही टाकू नका.

बाराव्या दिवशी मशीन अडकायला लागलं. भाच्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं, डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, दोन मिनिटांचं काम आहे, दुकानातच करून घ्या. पिवळ्या चौकटीत ‘कॉशन’, आणि उजवीकडे पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क आजवर चाललेले तास, 19,412. रोज 8 तास चालवली तरी साडेसहा वर्षांची डिस्क. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला तर वॉरंटी कधीचीच संपलेली. (काही हुशार लोक तासांचा आकडाही शून्य करून विकतात, म्हणून सीरियल तपासाच.)

परत गेलो. “तेव्हा चांगली चालून राहिली होती ना?” हे उत्तर. आणि डेटा? “लॅबमध्ये हेड बदलून पाहिले, नाही निघाला. अ‍ॅडव्हान्स परत होत नसते.” तीन चकरा मारल्या तेव्हा जुनी डिस्क हाती पडली. तिच्यावर पार्ट्यांचे पॅन, बँक स्टेटमेंट, सगळं, म्हणून ती सोडून चालणार नव्हतं. पाहतो तर झाकणाचं सील जसंच्या तसं, वरचं लेबलही न फाटलेलं. डेटा वाचणारे हेड असतात झाकणाच्या आत, ते उघडल्याशिवाय काय मंत्र म्हणून बदलले?

मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी “साहेब बंदोबस्तात आहेत”. दुसऱ्या दिवशीही बंदोबस्त. तिसऱ्या दिवशी कळलं की दुकान रस्त्याच्या त्या बाजूला आहे, म्हणजे हद्द दुसऱ्या ठाण्याची. तिथे गेलो तर म्हणाले, दिवाणी मामला आहे, बिल आणा. बिल असतं तर मी इथे कशाला आलो असतो? फसवणुकीचं कलम पूर्वी 420 म्हणायचो तेच आता 318 झालंय, एवढं मी वाचून गेलो होतो. ते म्हटल्यावर हवालदार माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू डिस्क मीच विकली. अर्जावर आवकचा शिक्का मागितला तर “शिक्का साहेबांच्या कपाटात”. कपाट कुलपात. साहेब कुठे? तुम्हीच सांगा. सायबर फसवणुकीत बसतं का विचारलं तर पैसे तुम्ही स्वतः दिले ना, असं ऐकून घेतलं. 8,300 रुपयांसाठी पाच दिवस आणि पेट्रोल वेगळं. ज्याला लुटायचंय त्यानं दहा हजारांच्या आतच लुटावं, कोणी विचारत नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतो आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, 2 वर्षांची मुदत आहे. पुरावा काय, तर यूपीआयची नोंद, ती एस्टिमेटची चिठ्ठी आणि त्या 19,412 चा फोटो. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला असता तर काम सोपं होतं. डिस्क आमची नाहीच, असं आता दुकानदार म्हणून राहिला.

घरी मी 4,800च सांगितले आहेत. रिकव्हरीचे 3,500 पहिल्यांदा इथेच लिहितो आहे.