घरच्या सोलरची बचत मोजणारं साधं ॲप: दहा महिन्यांत काय टिकलं, काय काढून टाकलं

ॲपचं काम एवढंच: गच्चीवरच्या ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या, सोलरमुळे या बिलात किती रुपये वाचले ते सांगायचं. फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात लिहिलेलं, नोंदी फोनमधल्याच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलीत, सर्व्हर नाही, लॉगिन नाही. राजारामपुरी, कळंबा, फुलेवाडी आणि उचगाव अशा चार घरांत, प्रत्येकी ३ किलोवॅटच्या सिस्टीमवर, जून ते मार्च ते वापरात आहे. कोल्हापूरचा पाऊस, गळीत हंगाम आणि मार्चअखेर हे तिन्ही त्यात येऊन गेलं. सुरुवातीला सात स्क्रीन होते, आता तीन आहेत.

आधी हिशेबाचं बोलू, कारण या प्रकारची बहुतेक ॲपं इथंच चुकतात. निर्मितीची युनिटं गुणिले युनिटचा दर म्हणजे बचत, असं सरळ गणित ती मांडतात. आपल्याकडचं घरगुती बिल टप्प्यांचं असतं: १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, पुढं आणखी चढता. सोलर आधी वरच्या टप्प्यातली महाग युनिटं खातं, मग खालची स्वस्त. म्हणून बचत म्हणजे दोन बिलांतला फरक: सोलर नसतं तर आलं असतं ते बिल, वजा प्रत्यक्ष आलेलं.

त्यासाठी घराचा खरा वापर लागतो आणि तो कुठल्याही एका मीटरवर दिसत नाही. निर्मिती अधिक कंपनीकडून घेतलेली युनिटं वजा कंपनीला दिलेली युनिटं, हा घराचा वापर. समजा निर्मिती २५०, घेतली १५०, दिली १००. वापर झाला ३००, बिलात लागली ५०. गणितापुरते पहिल्या टप्प्याला ५ रुपये आणि दुसऱ्याला ११ धरा, वहन आकार (वीज वाहून आणण्याचा) त्यातच. सोलरशिवाय १०० युनिटांचे ५०० आणि २०० युनिटांचे २,२००, मिळून २,७००. सोलरसह २५०. बचत २,४५०. हीच २५० युनिटं ११ नं गुणली तर २,७५० येतात, म्हणजे तीनशे रुपये हवेतले. सरासरी ९ रुपयांनी गुणली तर २,२५०, म्हणजे दोनशे कमी. दोन्ही बिलांवर १६ टक्के वीज शुल्क चढवलं की खरी बचत २,८४२ होते. स्थिर आकार दोन्हीकडं सारखाच असल्यानं वजाबाकीत उडून जातो. मात्र तो भरावाच लागतो, हे पहिल्याच स्क्रीनवर लिहिलेलं बरं. 'सोलर बसवलं तरी बिल शून्य का नाही' हा प्रश्न प्रत्येक घरात येतो.

दरांचा तक्ता कोडमध्ये कोरून ठेवण्याची चूक पहिल्या आवृत्तीत होती. दर कायम १ एप्रिललाच बदलतात असं नाही, आणि इंधन समायोजन आकार तर महिन्याला हलतो. आता प्रत्येक दरापुढं 'लागू तारीख' आहे, आणि जुनं बिल उघडलं तर त्या वेळचाच दर लागतो.

दुसरी चूक महिन्याची होती. ॲप १ ते ३० मोजत होतं आणि बिलाचं रीडिंग घेतलं जात होतं महिन्याच्या मधल्या एखाद्या तारखेला. दोन आकडे जुळेनात. त्यात बिलाचा काळ कधी २८ दिवसांचा, कधी ३३ चा. कॅलेंडरचा महिना ॲपमधून काढला. आता एका बिलाच्या रीडिंगपासून पुढच्या बिलाच्या रीडिंगपर्यंतचा काळ हाच महिना.

रीडिंग हातानंच भरायचं. आधी इन्व्हर्टरच्या (पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या यंत्राच्या) वाय-फाय डाँगलवरून आकडे आपोआप ओढले जात होते. डाँगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, इन्व्हर्टर जिन्याच्या खोलीत, राउटर खाली हॉलमध्ये, मध्ये स्लॅब. राउटरचा पासवर्ड बदलला की डाँगल मुकं, आणि ते आठ-आठ दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय इन्व्हर्टरला फक्त निर्मिती कळते, घेतली-दिली कळत नाही. अर्ध्या माहितीवर रंगीत आलेख दिसायला नाद खुळा होते, रुपयांचा आकडा मात्र अंदाजपंचे. महिन्यातून एकदा तीन आकडे टाईप करायला दोन मिनिटं लागतात. ते परवडतं.

आता भरण्याचा स्क्रीन. नेट मीटरचा, म्हणजे घेतली-दिली दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा, डिस्प्ले आळीपाळीनं बऱ्याच गोष्टी दाखवतो: व्होल्टेज, कमाल मागणी, केडब्ल्यूएच (आपली युनिटं), केव्हीएएच (दुसरंच माप). केव्हीएएचचा आकडा थोडा मोठा असतो आणि लोक नेमका तोच टिपतात. दुसरा घोटाळा दशांश चिन्हाचा: मीटरवर ४३१२.६ असतं, उन्हात तो बारीक ठिपका दिसत नाही आणि ४३१२६ भरलं जातं. त्यावर दोन पहारे बसवले. नवा आकडा मागच्यापेक्षा कमी असेल तर ॲप घेतच नाही. निर्मिती दिवसाला किलोवॅटमागं ६ युनिटांच्या वर जात असेल, म्हणजे ३ किलोवॅटला दिवसाला १८ च्या वर, तर 'ठिपका पाहिलात का?' असं विचारतं. रीडिंगसोबत मीटरचा फोटोही राहतो, पण लहान करून. मूळ आकारात ठेवले तर उगाच जागा खातात.

चौकटींवर आधी 'आयात' आणि 'निर्यात' असं लिहिलं होतं. बिलाच्या भाषेत बरोबर, पण चारपैकी दोन घरांत उलटसुलट भरलं गेलं, कारण सोलरची वीज 'घरात आयात होते' असा अर्थ लावला गेला. 'कंपनीकडून घेतली' आणि 'कंपनीला दिली' असं लिहिल्यापासून ही चूक थांबली.

रीडिंग सूर्य मावळल्यावर घ्यायचं. दुपारी घेतलं तर जिना उतरून खालच्या मीटरपर्यंत येईतो वरचा आकडा पुढं गेलेला असतो. रात्री इन्व्हर्टरचा स्क्रीन बंद असतो, म्हणून निर्मिती जनरेशन मीटरवरून (फक्त निर्मिती मोजणाऱ्या वेगळ्या मीटरवरून) घ्यायची. तो मीटर नसेल तर इन्व्हर्टरवरचा एकूण युनिटांचा आकडा मावळतीच्या जरा आधी टिपायचा, आजच्या युनिटांचा नाही. ॲपची आठवण म्हणूनच संध्याकाळी येते.

एक बारीक तांत्रिक गोष्ट, मराठीत ॲप करणाऱ्यांसाठी. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक भरले की डार्टच्या (फ्लटरच्या भाषेच्या) आकडे वाचणाऱ्या फंक्शनला ते कळत नाहीत आणि ॲप आपटतं. ० ते ९ आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्या, मग वाचा. आणि काळी थीम ठेवू नका. गच्चीवर पांढऱ्यावर काळे मोठे अंकच दिसतात.

नोंदींत सगळ्यात कामाला आली ती 'कारण' नावाची छोटी यादी: पाऊस, लाइट नव्हती, धूळ, सावली, धुतलं. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी ते गरजेचंच आहे. त्यामुळं पावसाळ्यात दिवसा चार तास फीडर बंद राहिला की तेवढी निर्मिती गेली, पॅनलचा दोष काही नाही. लाइनचं व्होल्टेज फार चढलं तरी इन्व्हर्टर लाइनपासून सुटतो, आणि हे नेमकं भर दुपारी होतं. ही नोंद नसेल तर माणूस उगाच पॅनल धूत बसतो.

धुण्यावरून सांगायचं तर गळीत हंगामात साखर कारखान्याच्या नाहीतर गुऱ्हाळाच्या वाऱ्याखाली असलेल्या गच्चीवर बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काजळी बसते. ती धुळीसारखी फुंकरीनं उडत नाही, दवानं चिकटते. सकाळी काच थंड असताना मऊ वायपर आणि साधं पाणी एवढं पुरतं. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग सुकण्याआधी ओढून घ्यायचं. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. धुण्यानं किती फरक पडला ते पाहायला ॲप आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातला सर्वांत चांगला एकेक दिवस घेतं. सरासरी घेतली तर ढगच मोजले जातात. या एका कामासाठी आठवडाभर रोजचं रीडिंग भरावं लागतं.

सावलीचा हिशेबही स्थानिक आहे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर. २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेकडच्या एक मीटर उंच टाकीची सावली सुमारे ८५ सेंटिमीटर उत्तरेला पडते, आणि सकाळी त्याहून बरीच लांब. मे-जूनमध्ये पाहणी करून बसवलेल्या पॅनलवर ही सावली हिवाळ्यात पहिल्यांदा दिसते. त्यामुळं मार्चशी जुलैची तुलना करणारा आलेख काढून टाकला. पुढच्या वर्षीचा तोच महिना येईपर्यंत तुलना नाही.

'पैसे कधी वसूल होणार' ही तारीखही काढली. आता फक्त उरलेले रुपये दिसतात: खर्च वजा सबसिडी वजा आजवरची बचत. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये. ते खात्यावर जमा झाल्यावरच वजा करायचे. किती झाडं वाचली हे दाखवणारं चित्र कुणी दुसऱ्यांदा उघडलंच नाही.

मार्चअखेर मात्र ॲपनं चांगली साथ दिली. उन्हाच्या महिन्यात निर्मिती ३९०, घेतली १३०, दिली २७० असं होतं. वापर २५०, उरली १४०. ही १४० युनिटं पुढच्या बिलात जातात, म्हणून त्यांचे रुपये ॲप आज मोजत नाही, 'शिल्लक' या ओळीत ठेवतं. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की उरलेली युनिटं कंपनी विकत घेते, पण आपल्या वरच्या टप्प्याच्या दरानं नाही. १ फेब्रुवारीपासून शिल्लक मोठ्या अक्षरात दिसते, मग गॅसऐवजी इंडक्शन नि गीझर वापरून ती संपवता येते.

हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी असेल तर हे ॲप सध्या वापरू नका. बॅटरीत गेलेली आणि परत आलेली युनिटं सारखी नसतात, वापराचं वरचं सूत्र तिथं मोडतं, आणि चौथ्या रीडिंगची चौकट अजून टाकलेली नाही.