लाइटरूमचं एचडीआर मर्ज: पावसाळ्यापासून वापरतोय, त्यावरून

गेल्या पावसाळ्यापासून लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं एचडीआर मर्ज, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो जोडून एक करणं, नियमित वापरतोय. नाशकातली जुनी देवळं, लेणी आणि गोदाघाट हेच माझे विषय, तेव्हा मतही तेवढ्यापुरतंच धरा.

खरा फायदा झाला पांडवलेण्यांत. १८ नंबरच्या चैत्यगृहात आतून दाराकडे कॅमेरा धरला की बाहेरचं ऊन आणि आतले खांब एका फ्रेममध्ये मावत नाहीत. दार पांढरंफटक, नाहीतर खांब काळेठिक्कर. तिथे उणे २, शून्य, अधिक २ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) असं ब्रॅकेटिंग करून, म्हणजे तीच फ्रेम कमी-जास्त एक्स्पोजरने काढून, तीन रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) जोडतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढवून, बर्स्टवर (सलग झटपट), हातातच काढतो. फ्रेम थोडी हलली तर ऑटो अलाइन त्या एकमेकींवर बसवून सांभाळून घेतं. जोडलेली फाइल डीएनजी, म्हणजे रॉसारखीच, असल्याने व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळा-निळा कल) मागाहून बदलता येतो आणि एक्स्पोजरचा स्लायडर ५ ऐवजी १० स्टॉपपर्यंत जातो. खांबांची घडण आणि दारातलं ऊन, दोन्ही हातात राहतं. फोटोमॅटिक्स हे दुसरं एचडीआर सॉफ्टवेअरही वापरून पाहिलं. ताकदीचं आहे, पण त्यातले भडक प्रीसेट लावले की कळसाभोवती उजळ कडा उमटते आणि ती मला अजिबात सोसत नाही.

रामकुंडावर मात्र एचडीआर जवळजवळ सोडून दिलं. पाणी हलतं, माणसं हलतात, दिवे हलतात. डीगोस्ट (हललेल्या गोष्टींच्या दुहेरी छाया काढणारी सोय) मीडियमवर ठेवलं की हललेला भाग एकाच फ्रेममधून घेतला जातो आणि सावलीत तेवढ्याच ठिगळात नॉइज (दाणेदारपणा) दिसतो. त्यापेक्षा दिव्यांची ज्योत पांढरीफटक होणार नाही असं एक्स्पोजर धरून एकच रॉ काढावी आणि सावल्या नंतर उचलाव्यात. हल्लीचे सेन्सर कमी आयएसओवर एवढं सहज पेलतात.

आता काळाराम मंदिर, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. अख्खं देऊळ काळ्या पाषाणाचं. मर्ज करताना ‘ऑटो सेटिंग्ज’ची खूण राहिली की सावल्या इतक्या उचलल्या जातात की तो पाषाण नव्या सिमेंटसारखा राखाडी होतो. नक्षी सगळी दिसते, देऊळ मात्र ओळखू येत नाही. मला हे गैर वाटतं. मी ती खूण काढून टाकतो, हायलाइट्स (उजळ भाग) खाली ओढून आकाश परत आणतो आणि ब्लॅक्स (सर्वांत गडद भाग) मुद्दाम खाली ठेवतो. कोनाड्यात डोळ्यांना अंधार दिसला असेल तर फोटोतही तो असलाच पाहिजे.

फ्रेम जोडणं हीच फसवणूक, असं म्हणणारे भेटतात. ते मला पटत नाही. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकातच समुद्र आणि आकाश दोन वेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एका प्रिंटमध्ये जोडले होते. कारणही तेच, एका निगेटिव्हवर दोन्ही नीट येत नव्हते. जोडण्याला माझी हरकत नाही, जोडून सगळंच सारखं उजळ करण्याला आहे.

ऑक्टोबर २०२३ पासून लाइटरूममध्ये एचडीआर स्क्रीनसाठी, म्हणजे जास्त झळाळी दाखवणाऱ्या पडद्यांसाठी, वेगळं एडिटिंगही आलंय. चांगल्या मोबाइलवर दिव्यांची ज्योत खरोखर झळकते. पण कागदावर ती चमक येत नाही, त्यामुळे अल्बमसाठी मी व्हर्च्युअल कॉपी (त्याच फाइलची एडिटिंगपुरती दुसरी प्रत) करून साधी एसडीआर, म्हणजे नेहमीच्या झळाळीची, आवृत्ती वेगळी एडिट करतो.