पद्मिनीसोबत चौदा महिने

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन आठवड्यांनी मडगावातल्या एका अंगणातून १९८६ ची प्रीमियर पद्मिनी मी फोंड्याला घरी आणली. आज तिला चौदा महिने झाले. मी तिला ९,४०० किलोमीटर चालवली आहे. आठवड्यातले दोन दिवस फोंडा ते पणजी आणि परत, बहुतेक रविवारी साखळीला माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे, आणि एकदा चोर्ला घाटातून बेळगाव. जुनी गाडी घ्यावी असं मनात घोळवत असलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

ज्यांच्याकडून घेतली ते ऐंशीच्या घरातले गृहस्थ. पहिल्यापासूनचे मालक. नंबर अजून जुना, जीडीने सुरू होणारा, गोवा, दमण आणि दीव एकत्र असतानाचा. किल्ली हातात देताना ते एवढंच म्हणाले, "गाडी उबी दवरूं नाका, पुता." उभी ठेवू नकोस. गेली चार वर्षं ती त्यांच्याकडे उभीच होती, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत होतं. किंमत १ लाख ४० हजार ठरली. पुढच्या तीन महिन्यांत तेवढ्यालाच टेकेल इतका खर्च झाला: पुढच्या फरशीचे दोन पत्रे, दोन्ही दारांच्या खालच्या कडा, चारही ब्रेक सिलिंडर, रेडिएटर, सगळं वायरिंग आणि पाच टायर. इंजिन मात्र खोलावं लागलं नाही.

पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. त्याआधी हीच गाडी फियाट ११०० डिलाइट आणि मग प्रीमियर प्रेसिडेंट म्हणून विकली जायची, म्हणून जुनी माणसं आजही तिला फियाटच म्हणतात. १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, चार गिअर आणि दांडा स्टिअरिंगच्या खाली. पुढची सीट सलग, त्यामुळे दोघांच्या मध्ये एक मूल आरामात बसतं. मी तसाच बसायचो. आमच्या घरची पद्मिनी फिकट पिवळी होती. अण्णा दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकायचे तेव्हा त्यांचं कोपर माझ्या डोक्याला लागू नये म्हणून मी मान आईकडे कलती करायचो. परवा माझी मुलगी मध्ये बसली होती. तिने न सांगता तशीच मान कलती केली.

आता चालवण्याबद्दल. पन्नास ते पासष्टच्या वेगात ही गाडी सुखाची. ऐंशीच्या पुढे आवाज वाढतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं, तिथे मी जात नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाही. म्हणजे पुढच्या गाडीशी दुप्पट अंतर ठेवायचं आणि पायात जोर हवा. बाणस्तारीच्या पुलाकडे उतरताना मी खूप आधीच तिसरा गिअर टाकतो. आजच्या गाड्यांची सवय असलेल्याला पहिला आठवडा भीती वाटेल. मलाही वाटली. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायला दोन्ही दंड लागतात, एकदा चाकं फिरू लागली की ते लोण्यासारखं. खड्ड्यांवर मात्र ती आजच्या कित्येक छोट्या गाड्यांपेक्षा मऊ बसते. पुढच्या दाराची तिकोनी काच उलटी फिरवली की वारा थेट छातीवर येतो. एसी नसल्याची खंत मला फक्त मे महिन्यात झाली.

पेट्रोलचं मी वहीत लिहून ठेवतो. पणजीच्या वाटेवर लिटरला साडेअकरा, बेळगावच्या फेरीला तेरा.

एप्रिलमध्ये रायबंदरच्या जुन्या बांधावर वाहतूक तुंबली आणि गाडी बंद पडली. दुपारचे दोन. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. गाडी हळू चालली की वारा लागत नाही, पंप आणि नळी तापते, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप पेट्रोलऐवजी ती वाफच दाबत बसतो. कार्बोरेटर कोरडा. जुन्या चालकांचा उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. पाण्याची बाटली ओतून मी तेच केलं, बारा मिनिटांत गाडी चालू झाली. पण रोज फडकं घेऊन फिरणं बरोबर नाही. माझ्या मेस्त्रींनी पंप आणि इंजिनच्या मध्ये बेकेलाइटची जाड पॅकिंग घातली आणि नळी सायलेन्सरच्या बाजूपासून दूर वळवली. पॅकिंगची जाडी मोजून घ्यावी लागते, जास्त झाली तर पंपाचा दांडा पुरेसा दाबला जात नाही आणि चढावर पेट्रोल कमी पडतं. पहिल्या खेपेला तसंच झालं होतं. तीन प्रयत्नांत जमलं. त्यानंतर एकदाही अडली नाही.

आजच्या पेट्रोलात इथेनॉल आहे, हे जुन्या गाडीच्या माणसाने विसरू नये. १९८६ च्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा मऊ पडतो. नवा म्हणून एका दुकानातून घेतलेला पडदा चार महिन्यांत गेला, तो मुळात वर्षानुवर्षं फळीवर पडलेला जुना माल होता. आता इथेनॉल सोसणारी नळी आहे आणि सुटे दोन पडदे डिकीत आहेत. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या गोव्यात पावसाळ्यात सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पंधरा दिवस उभी केली की तळाशी पाणी साचतं. म्हणून जून ते सप्टेंबर टाकी भरलेली आणि गाडी चालती, हा माझा नियम आहे.

पावसाचा विषय निघाला की मला ५ जुलै १९८६ नंतरचे दिवस आठवतात. मांडवीचा पूल कोसळला होता. पणजीला जायचं तर बेतीला फेरीची रांग. मी नऊ वर्षांचा. पाऊस असा की समोरची गाडी दिसत नव्हती. तासाभराने रांग हलली आणि आमची पद्मिनी चालू होईना. मागून हॉर्न. अण्णा शांतपणे उतरले, आईने वरून छत्री धरली, त्यांनी स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची ओल धरलेली टोपी काढून धोतराच्या सोग्याने आतून पुसली, परत बसवली आणि पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. गेल्या जुलैत म्हार्दोळला माझी गाडी तशीच थांबली. मी उतरलो, टोपी काढली, रुमालाने पुसली. हात कसा चालवायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं, फक्त पाहिलेलं होतं.

आमच्या घरात गाडी म्हणजे आधी ट्रक. अण्णांचा टाटाचा १२१० टिप्पर डिचोलीच्या खाणींवरून मांडवीच्या जेटीवर खनिज न्यायचा, तिथून बार्जने ते मुरगाव बंदरात. दिवसाला किती खेपा झाल्या त्यावर घर चालायचं. दारात आल्यावर अण्णा बॉनेट थोपटत आणि मगच पाय धूत. चौकटी, पडदे, आमच्या शाळेच्या वह्या, सगळ्यावर लाल धूळ. पुढे २००४ मध्ये टाटाचाच १६१३ ट्रक आला, तेव्हा पद्मिनी कधीच विकली गेली होती. मधल्या काळात माझी मारुती ८०० होती. चांगली गाडी, कधी अडली नाही, तिच्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. १६१३ अंगणातल्या आंब्याखाली उभा राहिला. अण्णा दर शनिवारी तो दहा मिनिटं चालू करायचे, मागचा हौदा उचलून खाली घ्यायचे. हायड्रॉलिकची सिलं सुकू नयेत म्हणून. मग बॅटरी गेली, नवी घ्यायला पैसे नव्हते. टायरांना भेगा पडल्या. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटले. उंदरांनी वायरिंग खाल्लं. मध्ये काही काळ खाणी सुरू झाल्या तेव्हा दुरुस्तीचा अंदाज काढला, तो ट्रकच्या किमतीहून जास्त निघाला. मार्च २०१८ मध्ये पुन्हा सगळं थांबलं. पुढच्या वर्षी तो वजनावर गेला. डिचोली, साखळी, उसगाव या पट्ट्यातल्या किती अंगणांत मी असे ट्रक पाहिले आहेत. खेपा मारून झिजलेला ट्रक मी पाहिला होता, तो दुरुस्त व्हायचा. उभा राहून संपलेला पहिल्यांदा पाहिला.

म्हणून ही पद्मिनी मी झाकून ठेवत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येतं, पण मग ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. माझी अजून त्या वयाची नाही, आणि झाली तरी मी साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नव्याने करत राहीन. चतुर्थीला फोंड्याच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं, सगळं सामान तिच्यातूनच आलं: नारळांचा घोस, सुपारीची शिंपटी, चिबूड, तोरिंगं. डिकी भरून मागच्या सीटवर केळीचा घड.

घेणार असाल तर रंगावर भुलू नका. पायाखालची रबरी मॅट उचला, फरशी अंगठ्याने दाबा. दारांच्या खालच्या कडा, डिकीतली स्टेपनीची खाच आणि पुढच्या काचेच्या रबराखालचा पत्रा बघा. आपल्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो आणि इंजिनपेक्षा पत्र्याचं काम महाग पडतं. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन झिजलेली असेल तर हाताला कळतं. सुट्या भागांची धास्ती मात्र बाळगू नका. कुर्ल्याला बनलेल्या या गाडीचे बरेच भाग मला कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवर मिळाले. काचांची रबरं आणि मागचे दिवे शोधायला वेळ लागला. गाडीच्या आधी मेस्त्री शोधा. माझे मेस्त्री सत्तरीला आलेत, आणि त्यांच्याकडून डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं अंतर लावायला मी स्वतः शिकतो आहे.

दर हजार किलोमीटरला ग्रीसिंग, तीन हजारांना तेल. महिन्याला सरासरी अडीच हजार रुपये देखभालीत जातात. मला ते जड वाटत नाहीत.

अण्णा आता ब्याऐंशीचे आहेत. गुडघ्यांमुळे अंगणापलीकडे फारसे जात नाहीत. रविवारी मी साखळीला पोचलो की ते पडवीत काठी घेऊन बसलेले असतात आणि मी इंजिन बंद करायच्या आधीच हात वर करून थांब म्हणतात. मग डोळे मिटून ऐकतात. गेल्या रविवारी म्हणाले, "दुसऱ्याचा टॅपेट सैल झालाय रे." मला काहीच ऐकू येत नव्हतं. सोमवारी मेस्त्रींनी झाकण काढून टॅपेटची फट मोजायची पट्टी, फीलर गेज, घातली. दुसऱ्या सिलिंडरचाच होता.