कॅसेटवरून यूएसबी करणारा प्लेअर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

प्लेअरमधला टेप फिरवणारा बेल्ट सैल पडला, एवढंच झालं होतं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "बेल्ट सुटा मिळत नाही मॅडम, अख्खी मेकॅनिझम बदलावी लागेल." खर्च प्लेअरच्या निम्म्या किमतीहून जास्त. पुण्यात तपकीर गल्लीत त्याच मापाचा रबरी बेल्ट तीस रुपयांत मिळाला.

सैल बेल्टने काय होतं तेही सांगते. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. वेग ६ टक्क्यांनी घसरला की काळी चारचं गाणं पांढरी पाचवर उतरतं. एकसारखी घसरण ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारता येते. पण पेटीचा लांबवलेला सूर लहरायला लागला, तर तो सरळ करणं फार कठीण.

डिजिटल बाजूबद्दल तक्रार नाही. आवाजाचे आकडे किती बारकाईने नोंदले जातात ते सांगणारे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट कॅसेटला पुरून उरतात. रेकॉर्डिंगची लेव्हल मात्र कमीच ठेवा. टेपवर आवाज चढला तर तो हळूहळू फाटतो. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ओलांडलं की लाटेचा माथाच छाटला जातो.

माझं खरं भांडण एका स्क्रूशी आहे. टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडच्या बाजूचा, त्याचा कोन जुळवणारा, अ‍ॅझिमथचा. हेडमधली फट टेपशी काटकोनात नसेल तर वरच्या पट्टीचा आवाज मरतो. आत्याच्या भजनी मंडळाच्या कॅसेट मी सुरुवातीला डिजिटल केल्या, तेव्हा टाळ लाकडी वाजत होते. टेप जुनी झाली असणार असं वाटून मी या प्लेअरला चार तारेही दिले होते. बेल्ट बदलताना झाकण निघालं होतं, म्हणून कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी किंचित फिरवला. टाळ खणखणले! मागे बसलेल्या बायकांचे शब्दही कळायला लागले. टेपवर सगळं शाबूत होतं, हेड ते उचलत नव्हतं. आणि हेडने उचललं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर आणून देत नाही. ट्रेबल वाढवला की नुसती खरखर वाढते.

प्रत्येक कॅसेट वेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली, त्यामुळे हे दर कॅसेटला जुळवावं लागतं. आमच्या जुन्या डेकला त्यासाठी स्क्रू ड्रायव्हरपुरतं भोक होतं. इथे नाही! खोक्यावर बिट आणि हर्ट्झ ठळक छापलेत, स्क्रूचा माहितीपुस्तिकेतही उल्लेख नाही. झाकण उघडलं की वॉरंटी गेली.

जुळवताना डावं-उजवं दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐका, फरक लगेच कळतो.

आता अडीच तारे. कंपनीने स्क्रूसाठी भोक ठेवलं आणि बेल्ट सुटा विकला तर साडेचार देईन. आधी केलेल्या सगळ्या फाइल पुसून त्या कॅसेट पुन्हा लावल्या आहेत, झाकण काढूनच.