कोकणातल्या वाढत्या सुतारशाळेसाठी टेबल सॉ : दोन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

कुडाळजवळच्या आमच्या सुतारशाळेत पहिली चार वर्षे सगळे उभे काप एका हलक्या, उचलून कामाच्या जागी नेता येणाऱ्या दहा इंची टेबल सॉवर, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेल्या फिरत्या गोल पात्याच्या करवतीवर, होत असत. दारे-खिडक्यांची मोजकी कामे होती तोवर त्या यंत्राने चांगली साथ दिली. पुढे गणपतीच्या हंगामात पाट, चौरंग आणि माटव्यांची (गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटींची) मागणी वाढली, फणसाच्या दोन इंची फळ्या दिवसभर चिराव्या लागू लागल्या, आणि तासाभराच्या कामानंतर मोटर एवढी तापायची की माणसांना हात बांधून तिच्या थंड होण्याची वाट पाहावी लागे. म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही राजकोटला तयार झालेली, बिडाच्या टेबलाची, बारा इंची पात्याची आणि तीन एचपी थ्री फेज मोटरची सॉ घेतली. दोन पावसाळे तिच्यावर काम केल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

हलक्या यंत्रांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. जो सुतार गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फर्निचर करतो, त्याच्यासाठी तीच योग्य आहेत. डिवॉल्ट कंपनीच्या अशाच दहा इंची सॉमध्ये फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरळ सरकवायची ती पात्याला समांतर पट्टी, दातेरी पट्टीवर सरकते, त्यामुळे ती पुढे आणि मागे एकाच वेळी सारखी हलते. ही सोय अनेक मोठ्या यंत्रांतही नसते. परंतु अशा यंत्रांची मोटर कार्बन ब्रशवर, फार मोठ्या वेगाने फिरणारी असते. ती मधूनमधून कापण्यासाठी ठीक असते, आठ तास जाड लाकूड चिरण्यासाठी नाही. मोठ्या यंत्रातली, ब्रश नसलेली इंडक्शन मोटर जड असते, पट्ट्यावरून पाते फिरवते, आवाज कमी करते आणि दिवसभराचे काम पेलते.

खरेदी करताना बहुतेक जण आधी वॅट आणि एचपी विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा : पाते धरणारा सांगाडा टेबलाला टांगलेला आहे की खालच्या पेटीवर बसवलेला आहे? टेबलाला टांगलेला असेल तर पाते आणि टेबलावरची (आडवे काप घेताना सरकपट्टी जिच्यातून धावते ती) खाच समांतर करताना अडचणीच्या जागी हात घालून सगळा सांगाडा सरकवावा लागतो. पेटीवर बसवलेला असेल तर टेबलाचे चार बोल्ट सैल करून नुसते टेबल फिरवले की काम होते. तपासणी दुकानातच करता येते. पात्याच्या एका दातावर खूण करावी, तो दात पुढच्या बाजूला असताना खाचेपासूनचे अंतर मोजावे, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजावे. दोन्ही मापांत 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. आमचे यंत्र आले तेव्हा त्यात हा फरक त्याहून बराच मोठा होता, पण अर्ध्या तासात तो दुरुस्त झाला आणि दीड वर्षात हललेला नाही. जड बिडाचा खरा उपयोग हा आहे.

सुरक्षेबाबत मी जराही तडजोड सुचवणार नाही. आपल्याकडचे फणस, आंबा आणि शिवणीचे लाकूड अनेकदा पुरते वाळलेले नसते, आणि आतला ताण सुटला की चिरलेल्या फळीच्या दोन्ही बाजू पात्यामागे एकमेकींकडे सरकून पाते आवळतात. मागचे दात फळी उचलतात आणि ती थेट काम करणाऱ्याच्या पोटावर येते. हे टाळण्यासाठी पात्याच्या लगेच मागे, पात्याबरोबर वरखाली होणारी आणि फळीची चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, लागते. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांनी पडणाऱ्या चिरेपेक्षा कमी असावी. आमच्या यंत्राबरोबर केवळ एक स्थिर पत्रा आला होता, जो खोल खाच मारताना काढून ठेवावा लागे, आणि एकदा काढलेला पत्रा पुन्हा कोणी लावत नाही. योग्य नाइफ वेगळे पैसे देऊन मागवावी लागली. उत्पादकाने ती मुळातच द्यायला हवी होती, आणि या एका गोष्टीसाठी मी यंत्राला पूर्ण गुण देत नाही.

बोटाचा स्पर्श ओळखून काही मिलिसेकंदांत पाते थांबवणाऱ्या, सॉस्टॉप या कंपनीच्या तंत्राविषयीही आम्ही विचार केला होता. ते तंत्र मोलाचे आहे. मात्र ते शरीराची विद्युतवाहकता ओळखते, आणि फार ओले लाकूडही तशीच खूण देऊ शकते. एकदा ते चालले की ब्रेकचे काडतूस बदलावे लागते, पातेही बहुधा निकामी होते. जुलैत येणाऱ्या आंब्याच्या ओल्या फळ्यांसाठी ते वारंवार बंद ठेवावे लागले असते.

विजेचा प्रश्न कोकणात यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. तीन एचपीची मोटर सिंगल फेजवर साधारण 15 अँपिअर घेते, तर थ्री फेजवर सुमारे पाच; त्यामुळे थ्री फेज जोडणी मिळत असेल तर तीच घ्यावी. तरीही पावसात एखादी फेज गेली आणि मोटर चालू राहिली तर वाइंडिंग जळते. शेतीपंपाला लावतात तसा, फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर येथे लावलाच पाहिजे. त्याहून महत्त्वाचा आहे स्टार्टर. साधा खटका असलेली सॉ वीज गेली की थांबते आणि वीज आली की आपोआप फिरू लागते, आणि नेमके त्याच वेळी कोणी पात्याजवळचा भुसा झाडत असू शकते. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर वीज जाताच सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होऊ देत नाही. ज्या गावात वादळी दुपारी चार वेळा वीज जाते, तेथे या स्टार्टरशिवाय टेबल सॉ घेऊच नये.

खाऱ्या हवेत बिडाचे टेबल गंजते, हे मान्य करूनच पुढे जावे. पहिल्या जूनमध्ये एका रात्रीत तांबूस डाग उठले होते. आता दर शनिवारी टेबल कोरडे पुसून मेणाचे पॉलिश लावतो आणि वर सुती कापड टाकतो. प्लास्टिक टाकू नये, त्याच्याखाली ओल अडकते. सिलिकॉनयुक्त फवाराही टाळावा, कारण तो लाकडाला लागला की पुढे पॉलिश धरत नाही. उघड्यावरचे बोल्ट आम्ही स्टेनलेस स्टीलचे करून घेतले.

पात्यांविषयी थोडक्यात : चिरण्यासाठी 24 दातांचे, प्लाय आणि आडव्या कापासाठी 60 किंवा त्याहून अधिक दातांचे, असे दोन संच ठेवावेत. सागवानातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते आणि फणसाचा चीक दातांवर बसतो, त्यामुळे पाते बोथट झाले असे वाटले तरी आधी ते धुऊन पाहावे.

फेन्स हा या यंत्राचा सर्वांत कमकुवत भाग आहे. ती फक्त पुढून आवळली जाते आणि लांब फळी दाबली की मागचे टोक किंचित सरकते. आम्ही मागे वेगळा क्लॅम्प लावतो. भुसा ओढणारे तोंड चार इंची आहे, परंतु पेटीला एवढ्या फटी आहेत की त्या पत्र्याने आणि फोमने बुजवेपर्यंत भुसा ओढणाऱ्या यंत्राचा उपयोग होत नव्हता. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवले आहे, त्यामुळे हा खर्च पुढे ढकलू नये.

हे यंत्र निवडण्याचे शेवटचे कारण सुट्या भागांचे होते. शाफ्टवरच्या बेअरिंगला सर्वत्र मिळणारा 6205 हा नंबर आहे, आणि पट्टाही पिठाच्या गिरणीला चालतो त्याच प्रकारचा आहे. यंदा ऑगस्टमध्ये, चौरंगांचे काम ऐन भरात असताना एक बेअरिंग वाजू लागले. ते कुडाळच्या बाजारातून आणून त्याच दुपारी बसवले आणि संध्याकाळी पुन्हा काम सुरू झाले.