परदेशी जोडीदाराचे ओसीआय कार्ड : सोय मोठी, पण आधार एकाच गोष्टीचा

भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला भारतात कायमचे राहायचे असेल, तर अमेरिकेच्या ग्रीन कार्डासारखी सोय आपल्या कायद्यात नाही. मोठी गुंतवणूक करणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी २०१६ साली निवासाची एक योजना मंजूर झाली, पण सामान्य संसाराला तिचा उपयोग नाही. त्यामुळे एक्स व्हिसा (भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला मिळणारा प्रवेश व्हिसा), ओसीआय कार्ड (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजे परदेशी नागरिकत्व कायम ठेवून भारतात राहण्याची आजीवन मुभा) आणि भारतीय नागरिकत्व असे तीनच मार्ग उरतात. माझी पत्नी इटालियन आहे, आम्ही पुण्यात राहतो आणि तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे. या तिन्हींत सर्वांत उपयोगाची सोय हे कार्डच, असे माझे मत आहे. मात्र या कार्डात एक गंभीर उणीव आहे आणि अर्ज करण्यापूर्वी ती प्रत्येक जोडप्याने समजून घ्यायला हवी.

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७-अ नुसार या कार्डासाठी विवाह नोंदणीकृत असावा लागतो आणि अर्जाच्या तारखेपूर्वी तो सलग किमान दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. शिवाय जोडीदाराच्या अर्जाला सुरक्षाविषयक मंजुरी आधी मिळावी लागते. स्वतः अर्जदार किंवा त्याच्या मागच्या तीन पिढ्यांपैकी कोणी पाकिस्तानचे अथवा बांगलादेशचे नागरिक असल्यास हा मार्ग बंद होतो. नोंदणीचा उल्लेख कलमातच असल्याने, मंगल कार्यालयात थाटामाटात लग्न लावून नोंदणी ‘सवडीने करू’ म्हणणाऱ्यांना पुढे अडचण येऊ शकते. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदणी करायची तर तीस दिवसांची नोटीस लागते, म्हणून तिची तयारी आधीपासून केलेली बरी. लग्न परदेशात झाले असेल, तर तिथल्या दाखल्यावर अपोस्टील (दाखला खरा असल्याचे त्या देशाचे अधिकृत प्रमाणीकरण) करून घ्यावे लागते किंवा तो भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावा लागतो.

मधली दोन वर्षे एक्स व्हिसावर काढावी लागतात. पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीने भारतीय नागरिकाशी लग्न केल्यास त्या व्हिसाचे रूपांतर एक्स व्हिसात होऊ शकते. त्यासाठी दोघे खरोखर एकत्र राहतात का, याची चौकशी होते. मुदतवाढ, पत्त्यातील बदल अशी कामे २०१८ पासून ई-एफआरआरओ या विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरून करता येतात, ही मोठीच सुधारणा आहे. मात्र एक्स व्हिसा हा नोकरीचा व्हिसा नव्हे आणि त्याच्या बळावर थेट नोकरी धरता येत नाही. शिकलेल्या, कमावत्या माणसाला लग्नानंतरची पहिली दोन वर्षे अशी घरात बसून काढायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

ओसीआयचे नवे संकेतस्थळ मे २०२५ मध्ये सुरू झाले. अर्धवट भरलेला अर्ज जतन करून ठेवता येतो आणि सादर करेपर्यंत दुरुस्त करता येतो, हे चांगलेच आहे. तरीही छायाचित्र चौरसच हवे, सहीच्या चित्राची रुंदी उंचीच्या तिप्पट हवी, असे बारीक नियम पाळावेच लागतात. सर्वांत जास्त जपावे लागते ते नावाला. लग्नानंतर बायकोच्या नावापुढे नवऱ्याचे नाव आणि आडनाव लावण्याची आपल्याकडची रीत कागदोपत्री सहज उमटते. विवाहाच्या दाखल्यात एक नाव, वीजबिलात किंवा भाडेकरारात दुसरे आणि परदेशी पासपोर्टात तिचे माहेरचे तिसरेच, असे होऊन बसते. अर्ज पासपोर्टवरील नावानेच भरायचा असतो, आणि मग ही सगळी नावे एकाच व्यक्तीची आहेत हे प्रतिज्ञापत्राने सिद्ध करण्याची वेळ येते. दाखल्यावर सही करण्यापूर्वी पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

भारतात अर्ज केल्यास शुल्क १५,००० रुपये आहे आणि परदेशातून केल्यास २७५ डॉलर. या पैशांत जे मिळते ते पाहता शुल्क मुळीच जास्त नाही. आजीवन, कितीही वेळा ये-जा करण्याची मुभा मिळते, विदेशी नागरिक म्हणून नोंदणी करण्याची कटकट संपते, बहुतेक खासगी नोकऱ्या करता येतात आणि राहते घर विकत घेता येते. शेतजमीन विकत घेता येत नाही आणि मतदान करता येत नाही. संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार आणि गिर्यारोहण यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे विद्यापीठात संशोधन करू इच्छिणाऱ्या जोडीदाराने कार्ड हाती आले म्हणून निर्धास्त राहू नये.

आता त्या उणिवेकडे येतो. कार्ड आजीवन असले तरी कलम ७-ड नुसार विवाह संपुष्टात आल्यास जोडीदाराच्या नात्याने मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते. नवा पासपोर्ट निघाला की तीन महिन्यांच्या आत तो संकेतस्थळावर चढवावा लागतो आणि सोबत विवाह अजून टिकून असल्याचे घोषणापत्र द्यावे लागते. भारतीय वंशाच्या आधारे मिळालेल्या कार्डाला घटस्फोटाने काही होत नाही. म्हणजे वीस वर्षे इथे घर केलेली, मराठी बोलणारी, मुले वाढवलेली परदेशी सूनही एका न्यायालयीन निकालानंतर पुन्हा व्हिसाच्या दारात उभी राहू शकते. नांदत नसलेल्या लग्नात केवळ कार्डापायी अडकून राहण्याची वेळ कोणावर येऊ नये, म्हणून ठरावीक वर्षांच्या वास्तव्यानंतर तरी हा हक्क विवाहापासून वेगळा व्हायला हवा.

ज्यांना हा धोका नको, त्यांच्यासाठी कलम ५(१)(क) खाली नागरिकत्वाचा मार्ग आहे. भारतीय नागरिकाशी विवाह आणि भारतात सात वर्षांचे वास्तव्य ही त्याची अट आहे. त्यात अर्जापूर्वीचे बारा महिने सलग आणि त्याआधीच्या आठ वर्षांत एकूण सहा वर्षे भारतात राहिलेले असावे लागते. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते, आणि इटलीत आईवडील म्हातारे होत असताना माझ्या पत्नीला तो निर्णय आज घेता येत नाही. म्हणून आम्ही ओसीआयवर आहोत, आणि वास्तव्याचे पुरावे वर्षवार फाइल करून ठेवत आहोत.